मूत्रपथातील प्रनष्ट शल्य : निदान व उपचार

शल्य या शब्दाला भारतीय वैद्यकात फार जुना व व्यापक अर्थ आहे. शरीराला पीडा देणारी कोणतीही वस्तू, मग ती शरीरातच निर्माण झालेली असो वा बाहेरून आत शिरलेली असो, तिला सुश्रुतसंहितेने शल्य मानले असून तिचे शारीर व आगंतुक असे दोन भेद कल्पिले आहेत. त्या ग्रंथाच्या सूत्रस्थानातील २६ वा अध्याय ‘प्रनष्टशल्यविज्ञानीय’ व २७ वा ‘शल्यापनयनीय’ या नावाने ओळखला जातो. दृष्टीआड झालेले शल्य ओळखावे कसे याचा विचार आधी आणि ते काढावे कसे याचा विचार नंतर, असा हा क्रम आहे. मूत्रपथातील आगंतुक वस्तूंच्या बाबतीत या क्रमाचे महत्त्व आजही तसूभर कमी झालेले नाही. आधुनिक साधनांमुळे अशी वस्तू काढणे पुष्कळ सुकर झाले आहे. परंतु ती आत आहे ही गोष्टच रुग्णाच्या, वैद्याच्या वा रुग्णालयाच्या स्मरणातून निसटते, आणि मग जे काम काही मिनिटांत झाले असते त्यासाठी अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागतात. प्रसंगी मूत्रपिंडही गमवावे लागते. प्रस्तुत विवेचनाचा मुख्य रोख या ‘प्रनष्ट’ होण्याच्या प्रक्रियेवर आहे.

व्याप्ती व प्रवेशाचे मार्ग

मूत्रपिंड, मूत्रवाहिनी, मूत्राशय व मूत्रमार्ग ही अंगे मिळून मूत्रपथ होतो. यांपैकी मूत्रमार्ग हा शब्द येथे मूत्राशयापासून बाहेर उघडणाऱ्या शेवटच्या नलिकेपुरताच योजिला आहे. या पथात परकीय वस्तू मुख्यत्वे चार मार्गांनी पोचते.

पहिला मार्ग मूत्रमार्गाच्या बाह्य द्वाराचा. कुतूहल, लैंगिक उत्तेजन, नशा, मनोविकार, लहान मुलांचा खेळ, किंवा तुंबलेली लघवी मोकळी करण्याचा घरगुती प्रयत्न अशा विविध कारणांनी वस्तू आत घातली जाते. सुया, पिना, विजेच्या तारा, पेन्सिली, मेणबत्त्या, तापमापी अशा कितीतरी वस्तूंची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आढळते. दुसरा मार्ग शेजारच्या अवयवातून होणाऱ्या स्थलांतराचा. गर्भाशयात बसविलेली तांबी गर्भाशयाची भित्ती भेदून मूत्राशयात शिरते, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. तिसरा मार्ग आघाताचा : बंदुकीची गोळी, स्फोटातील धातूचा तुकडा, किंवा कटिरास्थी मोडल्यामुळे आत घुसलेली हाडाची कपची. चौथा मार्ग वैद्यकीय हस्तक्षेपाचा. कॅथेटरच्या फुग्याचा तुटलेला तुकडा, न विरघळणाऱ्या धाग्याचा टाका, मूत्र-असंयमावरील शस्त्रक्रियेत बसविलेल्या जाळीचा मूत्राशयात घुसलेला भाग, आणि मूत्रवाहिनीत ठेवून विसरलेला स्टेंट या वस्तू या वर्गात मोडतात.

पाठ्यपुस्तकातील चित्रांमुळे विद्यार्थ्याच्या मनात पहिल्या मार्गाचे आश्चर्य ठसलेले असते. तथापि मूत्रपिंडाच्या हानीच्या दृष्टीने पाहिल्यास चौथा मार्ग अधिक विचार करावयास लावणारा आहे, कारण तेथे वस्तू आत ठेवणारा हात शिक्षित असतो व ठेवण्याचा हेतू उपचाराचा असतो.

स्टेंटचा उदय

मूत्रवाहिनीत नळी ठेवून मूत्राचा प्रवाह खुला राखण्याची कल्पना जुनी असली, तरी दुर्बिणीच्या साहाय्याने सिलिकोनची नळी दीर्घकाळ आत ठेवण्याचा अनुभव झिम्सकिंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. या नळ्या जागेवरून सरकत. हा दोष १९७८ मध्ये दूर झाला. फिनी यांनी त्या वर्षी वर्णिलेल्या नळीची दोन्ही टोके इंग्रजी ‘जे’ अक्षराप्रमाणे विरुद्ध दिशांना वळलेली होती. एक वळण मूत्रपिंडाच्या द्रोणीत व दुसरे मूत्राशयात अडकून राही. हाच आजचा ‘डबल-जे’ स्टेंट. मूतखड्यावरील शस्त्रक्रियेनंतरची सूज, गर्भारपणातील अवरोध, मूत्रवाहिनीचे आकुंचन, अर्बुदाचा दाब, मूत्रपिंडाचे प्रतिरोपण अशा अनेक प्रसंगी त्याचा उपयोग होतो. त्याचा सर्वांत मोठा गुण हा की तो बाहेरून दिसत नाही व रुग्णाच्या हालचालीस अडथळा आणीत नाही. या गुणातच त्याच्या विस्मरणाचे बीज आहे.

क्षारांचे पुट

मूत्र हे अनेक क्षारांनी संपृक्त झालेले द्रावण होय. निरोगी मूत्रपथाचे अंतस्तर गुळगुळीत असतात, मूत्र फार काळ साचून राहत नाही, आणि सायट्रेटसारखी द्रव्ये स्फटिकनिर्मितीस विरोध करतात. परकीय वस्तूचा पृष्ठभाग हा समतोल बिघडवितो. वस्तू आत जाताच मूत्रातील प्रथिनांचा पातळ थर तिच्यावर बसतो, त्यावर जंतू चिकटतात, व स्वतः स्रवलेल्या चिकट द्रव्यात ते आपले पटल विणतात. या पटलाच्या आड प्रतिजैविकांचा प्रभाव क्षीण होतो. त्यामुळे वस्तू आत असेपर्यंत जंतुसंसर्ग औषधाने दबतो, पण समूळ नाहीसा होत नाही. औषध थांबताच तोच संसर्ग पुन्हा डोके वर काढतो.

या जंतूंत प्रोटियस मिराबिलिससारखी युरिएज हे विकर निर्माण करणारी जात असल्यास पुढची प्रक्रिया वेगाने घडते. युरिएज युरियाचे विघटन करून अमोनिया मुक्त करते. मूत्र अल्कधर्मी बनते. आणि अल्कधर्मी मूत्रात मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेट, म्हणजे स्ट्रुव्हाइट, व कॅल्शियमचे फॉस्फेटयुक्त क्षार अवक्षेपित होऊन वस्तूवर पुट चढू लागते. जंतुसंसर्ग नसला तरी पुट चढत नाही असे नव्हे. ज्यांना मूतखड्याची प्रवृत्ती आहे अशा रुग्णांत निर्जंतुक मूत्रातही कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक स्टेंटवर जमतात. गर्भारपणात मूत्रातून कॅल्शियम अधिक प्रमाणात जात असल्यामुळे हा वेग वाढतो, व म्हणून गर्भवतीचा स्टेंट अल्पावधीने बदलावा लागतो.

काळ आणि पुट यांचा संबंध अल-फकीह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून स्पष्ट होतो. मूतखड्याच्या रुग्णांत ठेवलेल्या पॉलियुरेथेनच्या स्टेंटपैकी ६ आठवड्यांच्या आत काढलेल्यांत ९.२ टक्के, ६ ते १२ आठवड्यांत काढलेल्यांत ४७.५ टक्के, व त्यानंतर काढलेल्यांत ७६.३ टक्के स्टेंटवर पुट आढळले. हे आकडे विशिष्ट द्रव्याच्या स्टेंटचे व मूतखड्याच्या रुग्णांचे आहेत, हे लक्षात ठेवून त्यांचा अर्थ लावावयास हवा. तथापि त्यांतून निघणारा बोध सर्वत्र लागू पडतो : पहिल्या काही आठवड्यांत साध्या दुर्बिणीने ओढून काढता येणारी नळी पुढील काही आठवड्यांतच अवघड वस्तू बनू शकते. वर्षानुवर्षे राहिलेल्या नळीचे बहुलक द्रव्य ठिसूळ होते व तिचे तुकडे पडतात. मग एका शल्याची अनेक शल्ये होतात.

वस्तू ‘प्रनष्ट’ होते ती कशी?

विस्मरणाला रुग्णाचा निष्काळजीपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु त्याची कारणपरंपरा तपासल्यास त्यात भाषेचा वाटा मोठा असल्याचे दिसते. मराठी रुग्णाच्या बोलीत लघवीसाठी बाहेर पिशवीला जोडलेला कॅथेटर ही ‘नळी’ आणि मूत्रवाहिनीत ठेवलेला स्टेंट हीदेखील ‘नळी’च. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही एकाच वेळी ठेवल्या जातात. दोन-तीन दिवसांनी परिचारिका कॅथेटर काढते, आणि ‘नळी काढली’ असे रुग्ण व त्याचे नातेवाईक एकमेकांना सांगतात. त्यांच्या दृष्टीने विषय संपलेला असतो. घरी जाताना मिळणारा कागद बहुधा इंग्रजीत असतो. त्यावरील स्टेंटची ओळ वाचणारा घरात असेलच असे नाही. दुखणे थांबल्यामुळे पुन्हा येण्याची निकडही वाटत नाही.

त्यात आर्थिक व सामाजिक परिस्थितीची भर पडते. मराठवाड्यातील ऊसतोड कामगाराचे कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडते ते हंगाम संपेपर्यंत, म्हणजे सुमारे पाच-सहा महिने, परत येत नाही. अशा रुग्णाला ‘६ आठवड्यांनी या’ असे सांगणे म्हणजे वस्तुतः काहीच न सांगण्यासारखे आहे. हंगामाचा काळ आणि पुट चढण्याचा काळ यांची जी गाठ पडते ती वैद्याने ध्यानी घ्यावयास हवी.

तांबीच्या बाबतीत विस्मरणाचे स्वरूप वेगळे असले तरी मूळ तेच आहे. तपासणीत धागा दिसला नाही की तांबी ‘पडून गेली’ असे गृहीत धरले जाते. कधी दुसरी बसविली जाते, तर कधी गर्भधारणा होऊन विषय तेथेच थांबतो. पहिली तांबी मात्र मूत्राशयात खडा वाढवीत राहते. स्वतः वस्तू घातलेल्या रुग्णाच्या बाबतीत विस्मरणाची जागा लज्जा घेते. त्याला सर्व ठाऊक असते. परंतु तो जळजळीची तक्रार सांगतो, औषध घेतो, आणि मूळ गोष्ट सांगण्याचे धैर्य न झाल्यामुळे महिने निघून जातात.

निदान

या कारणपरंपरेवरून निदानाचे पहिले साधन कोणते, हे उघड होते. ते म्हणजे नीट विचारलेला प्रश्न. वारंवार होणारा मूत्रसंसर्ग, लघवीची जळजळ व वारंवारिता, रक्तमिश्रित लघवी, ओटीपोटातील वा कमरेतील वेदना, लघवी तुंबणे, मूत्रमार्गातून पू येणे ही सर्व लक्षणे परकीय वस्तूमुळे होतात, परंतु त्यांपैकी एकही केवळ तिचेच लक्षण नव्हे. कित्येकदा स्टेंट मूत्रपिंडाचा बराचसा ऱ्हास होईपर्यंत कोणतीच तक्रार उत्पन्न करीत नाही. यास्तव पूर्वी मूतखड्याची शस्त्रक्रिया झाली होती काय, त्या वेळी आत नळी ठेवली होती काय, ती दुर्बिणीने निराळी काढली काय, तांबी बसविली होती काय व ती काढल्याचे प्रत्यक्ष पाहिले काय, हे प्रश्न नेमक्या शब्दांत विचारले पाहिजेत. ‘नळी काढली ना?’ या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर निरर्थक आहे. ‘लघवीची पिशवी काढल्यानंतर पुन्हा एकदा दुर्बीण घालून आतली नळी काढली काय?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र उपयोगी पडते.

संकोचाचा विषय असल्याची शंका आल्यास रुग्णाशी एकांतात, नातेवाइकांना बाहेर ठेवून, निर्विकार स्वरात बोलावे. वस्तू कोणती, किती लांब, टोकदार आहे काय, कोणत्या द्रव्याची, आणि केव्हा गेली, ही माहिती उपचाराची दिशा ठरविते. त्यामागील हेतूची चौकशी नंतर करता येते. रुग्ण बालक असल्यास लैंगिक अत्याचाराची शक्यता विचारात घेणे अवश्य आहे. तशी शंका असल्यास लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये ती कळविण्याचे दायित्व वैद्यावर येते.

शारीरिक तपासणीत पुरुषाच्या मूत्रमार्गातील वस्तू पुष्कळदा बोटांनी चाचपता येते. मूत्रमार्गाच्या मागील भागासाठी गुदद्वारातून व स्त्रियांत योनिमार्गातून तपासणी उपयुक्त ठरते. वस्तू मूत्रमार्गात असल्याचा संशय असताना आंधळेपणाने कॅथेटर घालणे टाळावे, कारण त्याने वस्तू आत ढकलली जाते व अंतस्तर फाटतो.

प्रतिमाचित्रणात साध्या क्ष-किरण चित्राचे स्थान अद्याप पहिले आहे. ते मूत्रपिंडापासून मूत्रमार्गापर्यंतचा सर्व भाग सामावील असे घ्यावे. धातू त्यात स्पष्ट दिसतो. स्टेंट व तांबी यांच्या प्लास्टिकमध्ये क्ष-किरण अडविणारे द्रव्य मिसळलेले असल्यामुळे त्यांची रेषा उमटते. लाकूड, मेण व साधे प्लास्टिक मात्र पुट चढेपर्यंत दिसत नाही. मूत्राशयातील मोठ्या खड्याच्या चित्रात मध्यभागी रेषा, वळण वा ‘टी’ अक्षराचा आकार आहे काय, हे मुद्दाम पाहावे. स्त्रियांत मूत्राशयाचा खडा विरळा असल्यामुळे तो आढळताच आत काही केंद्रक असल्याची शंका घेणे रास्त होय. सोनोग्राफीने भरलेल्या मूत्राशयातील वस्तू व मूत्रपिंडाची सूज समजते. पण मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यातील वायूमुळे झाकला जातो. पुटाचे स्थान व आकारमान निश्चित करण्यास साधा सीटी स्कॅन सर्वांत उपयुक्त ठरतो. लोहचुंबकीय धातूची शक्यता असताना एम.आर.आय. करू नये.

चित्रणाइतकेच महत्त्व मूत्रपिंडाच्या कार्याला आहे. रक्तातील क्रिएटिनिन, मूत्राचे जंतुसंवर्धन, आणि दीर्घकाळ राहिलेल्या स्टेंटच्या बाबतीत किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने प्रत्येक मूत्रपिंडाच्या कार्याचे स्वतंत्र मापन केल्याखेरीज शस्त्रक्रियेचा आराखडा पूर्ण होत नाही.

उपचार

उपचाराची तत्त्वे चार आहेत : संसर्ग आटोक्यात आणणे, वस्तू संपूर्ण काढणे, मूत्रपथाला कमीत कमी इजा होऊ देणे, आणि मूत्रपिंडाचे कार्य राखणे. अवरोध व संसर्ग एकत्र असल्यास आधी पाठीतून मूत्रपिंडात नळी घालून तुंबलेले मूत्र वाहते करावे व प्रतिजैविके द्यावीत; वस्तू काढण्याचे काम ज्वर उतरल्यावर हाती घ्यावे. दूषित मूत्र असताना केलेली घाई रक्तदोषास निमंत्रण देते. याला महत्त्वाचा अपवाद बटन-सेलचा. ओल्या ऊतीतून वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहामुळे त्याच्या ऋण टोकापाशी तीव्र अल्क तयार होतो व काही तासांतच ऊतींचा नाश होऊ शकतो. म्हणून तो तातडीने काढावा लागतो. चुंबकाच्या अनेक गोळ्या आत गेल्या असल्यास त्या एकमेकींना घट्ट चिकटतात व त्यांच्यामध्ये अंतस्तर चिमटला जातो.

मूत्रमार्गाच्या पुढील भागातील गुळगुळीत वस्तू दुर्बिणीतून चिमट्याने पकडून काढता येते. मागील भागातील वस्तू मूत्राशयात सरकवून तेथे पकडणे पुष्कळदा अधिक सुरक्षित असते. मूत्राशयात तारेची वा केबलची गाठ बसली असल्यास ती बाहेरून कदापि ओढू नये. दुर्बिणीतून गाठ कापावी, अन्यथा ओटीपोटावरून मूत्राशय उघडावे. फुगा न उतरणाऱ्या कॅथेटरची झडप कापून पाहावी, फुग्याच्या वाहिनीतून बारीक तार घालावी, किंवा सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने फुगा फोडावा. अधिक पाणी भरून तो फोडल्यास तुकडे आत राहतात. बाहेर आलेला फुगा अखंड आहे काय, हे प्रत्येक वेळी तपासलेच पाहिजे.

विसरलेल्या स्टेंटच्या बाबतीत पहिला नियम निषेधात्मक आहे : चित्र पाहिल्याखेरीज ओढू नये. मूत्राशयातील टोक मोकळे दिसले तरी मूत्रपिंडातील टोकावर खडा असू शकतो. बळाने ओढल्यास नळी तुटते, किंवा त्याहून भयंकर म्हणजे मूत्रवाहिनीच तिच्या स्थानापासून उपटली जाते. पुट अल्प असल्यास बाहेरून दिलेल्या आघाततरंगांनी ते सुटू शकते. अधिक असल्यास खालून वर जावे लागते : प्रथम मूत्राशयातील खडा लेसरने वा वायुचालित यंत्राने फोडणे, नंतर मूत्रवाहिनीदर्शकाने मधला भाग मोकळा करणे, आणि मूत्रपिंडातील मोठ्या खड्यासाठी पाठीतून छिद्र पाडून तो काढणे. हे सर्व कधी एका बैठकीत साधते, तर कधी अनेक बैठका लागतात. मूत्रपिंडाचे कार्य जवळजवळ संपुष्टात आले असल्यास ते काढून टाकण्याचा निर्णय घ्यावा लागतो. संसर्ग रक्तात पसरून मृत्यू ओढवल्याच्याही नोंदी आहेत.

वस्तू निघाल्यावर उपचार संपत नाही. सर्व तुकडे निघाल्याची चित्राने खात्री करावी. मूत्रमार्गाला इजा झालेल्या रुग्णांत पुढे आकुंचन होऊ शकते, म्हणून काही काळ मूत्रप्रवाहावर लक्ष ठेवावे. स्वतः वस्तू घातलेल्या प्रत्येक रुग्णाला मनोविकृत ठरविणे अन्यायाचे होईल. आत्मघाताची प्रवृत्ती, व्यसन वा कोणाची जबरदस्ती यांचा मागोवा मात्र घ्यावा, आणि तसे काही आढळल्यास मानसोपचारतज्ज्ञाचे साहाय्य मिळवून द्यावे.

प्रतिबंध

स्टेंट ठेवणाराच तो काढण्याची व्यवस्था करण्यास उत्तरदायी आहे, हे तत्त्व मान्य केल्यास प्रतिबंधाचे उपाय आपोआप सुचतात. प्रत्येक स्टेंटची स्वतंत्र नोंदवही वा संगणकीय यादी असावी. तीत ठेवल्याची तारीख, काढण्याची तारीख व काढल्याचा उल्लेख हे तीन रकाने असावेत, आणि तिसरा रकाना रिकामा असलेल्या रुग्णाशी दर आठवड्यास संपर्क साधावा. जेथे काही दिवसांचाच स्टेंट पुरेल तेथे बाहेर धागा सोडलेला स्टेंट वापरावा, आणि जेथे स्टेंटची खरी आवश्यकता नाही तेथे तो ठेवूच नये. हंगामी स्थलांतर करणाऱ्या रुग्णाची काढण्याची तारीख त्याच्या जाण्याच्या दिवसाआधी ठरवावी; ते अशक्य असल्यास तो जाणार असलेल्या भागातील रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी द्यावी.

सर्वांत स्वस्त उपाय भाषेचा आहे. ‘बाहेरची नळी’ व ‘आतली नळी’ असे दोन निराळे शब्द शल्यचिकित्सकापासून परिचारिकेपर्यंत सर्वांनी वापरावेत. घरी पाठविताना रुग्णास त्याचे क्ष-किरण चित्र दाखवून आतली नळी बोटाने दाखवावी, आणि ‘तुमच्या पोटात अजून एक नळी आहे, ती अमुक तारखेला काढावयाची आहे, न काढल्यास मूत्रपिंड निकामी होऊ शकते’ ही वाक्ये मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेले कार्ड त्याच्या हाती द्यावे. ज्या विभागात पदव्युत्तर विद्यार्थी स्टेंट बसविण्यास शिकतात, त्या विभागात हे कार्ड भरणे हाही त्याच शस्त्रक्रियेचा शेवटचा टप्पा म्हणून शिकविला जावा.